सल्ला हवा: गोल्फच्या बॅगेतून ३ वूड काढून ५ वूड, ७ वूड की हायब्रिड? (ड्रायव्हर कॅरी २०५ यार्ड)

येरवडा_बॅकनाईन
मंडळी, ड्रायव्हर आणि आयर्न यांच्या मधले क्लब नव्याने लावायचे आहेत. सध्या बॅगेत (अंश म्हणजे लॉफ्ट, बॉलला लागणाऱ्या फेसचा झुकाव) ड्रायव्हर १०.५ अंश, ३ वूड १५ अंश, ५ ते ९ आयर्न, पिचिंग वेज, ५०-५४-५८ च्या वेजेस आणि पटर आहे. एकूण बारा.

स्वतःच्या बॉलने मोजलेले कॅरी, म्हणजे बॉल हवेत जातो ते अंतर, यार्डांत असे (रोल धरलेला नाही):
ड्रायव्हर (स्विंगचा स्पीड ताशी ९२ मैल): २०५
३ वूड टीवरून: १८८
३ वूड गवतावरून: १७२, पण भरवसा नाही, अर्धे शॉट थिन (क्लबची कडा बॉलच्या मध्यावर लागलेले)
५ आयर्न (२३.५ अंश): १५१
६ आयर्न (२६.५): १४७
७ आयर्न (३०): १३६

हँडिकॅप १७. बहुतेक राउंड पूना क्लबला, अधूनमधून चेंबूर. हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधला क्लब) मारला की बॉल डावीकडे ओढला जातो, म्हणून आजवर घेतला नाही. दीडशे ते दोनशे यार्डांमध्ये काय ठेवू? एक क्लब नवा घ्यायची तयारी आहे, बाकीचे वापरलेले चालतील.

फेअरवेकर
आकडे दिलेत हे उत्तम केलंत, अर्धं उत्तर त्यातच आहे.

वरून खाली येऊ नका, खालून वर चढा. ७ आणि ६ आयर्नमध्ये ११ यार्ड आहेत, ६ आणि ५ मध्ये फक्त ४. म्हणजे ५ आयर्नला लागणारा स्पीड तुमच्याकडे नाही. लॉफ्ट कमी झाला, पण बॉलला उंचीच मिळाली नाही, तो लवकर पडला. कधी रोल होऊन १६५ जातो, कधी १४५ वर थांबतो, ग्रीनवर तर थांबतच नाही. तेव्हा आधी ५ आयर्न बाहेर. ३ वूडचा विचार त्यानंतर.

आता त्या जागी काय? क्लबवरचा आकडा बघून '५ च्या जागी ५ हायब्रिड' असं करू नका, लॉफ्ट बघा. एका कंपनीचा ४ हायब्रिड २२ चा असतो, दुसरीचा २३ चा. ५ हायब्रिड २५ ते २६ च्या आसपास मिळतो. त्यातून आजकालचे आयर्न इतके 'स्ट्राँग' झालेत की तुमचा ५ आयर्न म्हणजे जुन्या सेटचा ४ आयर्न आहे. शिवाय हायब्रिडचा शाफ्ट त्याच लॉफ्टच्या आयर्नपेक्षा एक-दीड इंच लांब असतो, त्यामुळे समान लॉफ्टला तो पाच-सात यार्ड पुढे जातो. म्हणून तुमच्या २३.५ च्या आयर्नच्या जागी २५ किंवा २६ चा हायब्रिड. तो साधारण १५८ ला बसेल आणि ६ आयर्नपासूनचं अंतर पुन्हा ११ होईल.

त्याच्या वर २१ चा क्लब म्हणजे १७० च्या आसपास. त्याच्या वर १८ चा म्हणजे १८० ते १८२. मग ड्रायव्हर. ड्रायव्हरखालच्या पायऱ्या सारख्या झाल्या.

तुलनेसाठी ट्रॅकमॅन या बॉलचं उड्डाण मोजणाऱ्या यंत्राच्या जुन्या सरासरी तक्त्यातले एलपीजीएचे, म्हणजे महिला टूरचे आकडे बघा: ड्रायव्हर स्पीड ९४ मैल, कॅरी २१८, ३ वूड १९५, ५ वूड १८५, ७ वूड १७४. तुमच्या स्पीडच्या माणसाने पीजीए टूरच्या पुरुषांची बॅग नाही, ही बॅग समोर ठेवावी.

चेंबूर_वारा
फेअरवेकरांशी सहमत. फक्त २१ च्या जागी ७ वूड की ३/४ हायब्रिड, याचा निर्णय लॉफ्टवर होत नाही. बॉल ग्रीनवर कसा उतरायला हवा आणि तो कुठून मारायचा आहे, त्यावर होतो.

७ वूडचं डोकं खोल असतं, वजन खाली आणि मागे. शाफ्टही ४२ इंचांच्या जवळपास, म्हणजे हायब्रिडपेक्षा इंच-दीड इंच लांब. त्यामुळे बॉल जास्त उंच जातो आणि जास्त उभा उतरतो. उतरण्याचा कोन ४५ अंशांच्या जवळ असेल तर १७० यार्डांवरून ग्रीन धरता येतं. ४० च्या खाली गेला तर मागच्या बंकरची तयारी ठेवा. मध्यम स्पीडला हायब्रिडने ४५ मिळणं कठीण, ७ वूडने शक्य आहे.

रफमध्ये, म्हणजे फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात, उलटं. चिवट बर्म्युडा गवतात बॉल बसला की वूडचं रुंद डोकं गवतात अडकतं, होझेलभोवती (शाफ्ट डोक्याला जोडतो तो भाग) पाती गुंडाळतात आणि फेस बंद होतो, म्हणजे डावीकडे वळतो. हायब्रिडचं डोकं लहान, सोल (तळ) अरुंद, ते गवत कापून बॉलपर्यंत पोचतं. उन्हाळ्यात फेअरवे भाजून कडक झाले की रुंद सोल जमिनीवरून उसळतो आणि कडा बॉलच्या मध्यावर लागते. तिथेही हायब्रिडच. पावसाळ्यात मात्र जमीन मऊ असते, हायब्रिड रुततो आणि वूड सरकतो. शिवाय ओल्या फेअरवेवर रोल जवळजवळ शून्य. तेव्हा चार महिने तरी फक्त कॅरीच मोजायचा.

चेंबूरला खेळताना दोन गोष्टी धरा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे तिथलं कॅरी मुंबईपेक्षा दोनेक टक्क्यांनी जास्त. १८० चा क्लब चेंबूरला १७६-१७७. आणि समोरून वारा असेल तर ७ वूड हवेत उभा राहतो. अशा वेळी ग्रिप इंचभर खाली धरा, बॉल थोडा मागे घ्या, स्विंग तीन चतुर्थांश. उंची बरीच कमी होते.

'७ वूड म्हातार्‍यांचा क्लब' असं म्हणणारे अजूनही भेटतात. डस्टिन जॉन्सनने २०२० चं मास्टर्स जिंकलं तेव्हा त्याच्या बॅगेत ७ वूड होता.

ग्रिप_आणि_शाफ्ट
डावीकडे जाणाऱ्या हायब्रिडबद्दल लिहितो, कारण निम्मे लोक याच कारणाने चांगला क्लब नाकारतात.

हायब्रिड डावीकडे ओढतो तेव्हा बहुतेकदा चारपैकी एखादी गोष्ट असते. एक, ऑफसेट: होझेल फेसच्या पुढे असतो, फेस लवकर बंद होतो. दोन, लाय (डोकं जमिनीवर ठेवल्यावर शाफ्टचा कोन) फार उभा. वूडपेक्षा हायब्रिडचा लाय उभा असतोच, त्यात टो (डोक्याचं बाहेरचं टोक) वर राहिला की लॉफ्टमुळे बॉल डावीकडेच निघणार. तीन, वजन हीलच्या (शाफ्टकडच्या) बाजूला, म्हणजे मुद्दाम ड्रॉसाठी (डावीकडे वळणाऱ्या शॉटसाठी) केलेलं मॉडेल. चार, शाफ्ट फार हलका. ही चौथी गोष्ट दुकानात कोणी तपासत नाही.

आयर्नमध्ये ९५ ग्रॅमचा स्टील शाफ्ट असताना हायब्रिडमध्ये ५५-६० ग्रॅमचा ग्रॅफाइट बसवला तर हात पुढे पळतात. क्लब जसजसा आखूड होतो तसतसं वजन वाढलं पाहिजे. साधारण असं लावा: ड्रायव्हर ५५ ग्रॅम, ५ वूड ६०-६५, ७ वूड ६५-७०, हायब्रिड ७५-८५, मग आयर्न. फ्लेक्सचं (शाफ्टच्या लवचिकतेचं) अक्षर प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, ग्रॅमचा आकडा सगळीकडे सारखाच.

स्वस्तात मिळालेला शाफ्ट कुठेही बसवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. वूडच्या शाफ्टचं टोक साधारणपणे ०.३३५ इंच, हायब्रिडचं ०.३७०. ड्रायव्हरमधून काढलेला शाफ्ट हायब्रिडमध्ये सैल बसतो. शिम (पातळ पट्टी) घालून चिकटवून देणारे आहेत, तसं करून घेऊ नका. मध्यभाग चुकला की डोकं तिरकं बसतं आणि लाय बदलतो.

तुमच्यासाठी: ऑफसेट नसलेला किंवा अगदी कमी असलेला हायब्रिड, ८० ग्रॅमच्या आसपासचा शाफ्ट. लाय उभा वाटला तर दुरुस्तीवाल्याकडे अर्धा ते एक अंश सपाट करता येतो का विचारा. अॅडजस्टेबल होझेल असेल तर वाकवायची गरज नाही, सपाट लायची खूण वापरा.

येरवडा_बॅकनाईन
फार उपयोगी. अॅडजस्टेबल होझेलवरूनच विचारतो. १६.५ चा ४ वूड घेऊन हवा तेव्हा १५ वर आणि हवा तेव्हा १८ वर नेला, तर एका क्लबमध्ये दोन होत नाहीत का? आणि वापरलेला घेताना काय बघू?

ग्रिप_आणि_शाफ्ट
नाही होत. लॉफ्ट फिरवला की फेसही फिरतो. टेलरमेडच्या स्लीव्हवर (शाफ्टच्या टोकाची फिरवता येणारी जोडणी) लॉफ्ट २ अंश वाढवला की फेस ४ अंशांच्या आसपास बंद होतो. कमी केला तर तेवढाच उघडतो. १६.५ चा क्लब १८ वर नेलात तर बॉलमागे नुसता ठेवला तरी तो डावीकडे बघेल, आणि तुमची अडचण आधीच डावीकडची आहे. टायटलिस्टच्या शुअरफिटमध्ये दोन रिंगांनी लॉफ्ट आणि लाय वेगवेगळे लावता येतात, सोळा जोड्या मिळतात, पण तिथेही हे सूक्ष्म जुळवणीसाठी आहे. हवा तो लॉफ्ट डोक्यावर कोरलेला असलेलंच डोकं घ्या आणि स्लीव्ह मधल्या खुणेपासून एका टप्प्यापलीकडे नेऊ नका.

नियमही तसाच आहे: राउंड चालू असताना मुद्दाम सेटिंग बदलता येत नाही. बदलून शॉट मारला तर थेट अपात्र. मारण्यापूर्वी परत होतं तसं केलं तर दंड नाही.

वापरलेला क्लब बघताना या क्रमाने जा. कानाशी धरून हलवा, आत खडखड आली तर गोंद किंवा वजन सुटलंय. फेसवर तिरपा उजेड पाडा, खाचांच्या टोकापासून निघालेली केसासारखी रेघ म्हणजे तडा. क्राउन (डोक्याचा माथा) आणि फेस यांच्या सांध्यावर नख फिरवा. स्लीव्हचा स्क्रू काढून धागे बघा. पान्याशिवाय घट्ट केलेले धागे झिजतात. पाना ४० इंच-पाउंडाला टक् आवाज देतो, तिथे थांबायचं. मग लांबी मोजा: ५ वूड ४२.५ इंच, ७ वूड ४२, ५ हायब्रिड ३९.५, यात थोडा फरक चालेल. इंचभर आखूड असेल तर कोणीतरी कापलाय आणि स्विंगवेट (स्विंगमध्ये जाणवणारं डोक्याचं वजन) गेलंय.

स्लीव्ह कंपनीनुसार वेगळी, आणि एकाच कंपनीतही वूडची हायब्रिडला बसेलच असं नाही. नुसतं डोकं स्वस्तात मिळालं म्हणून घेऊ नका.

नाशिककर_टी
थोडं विरुद्ध मत. ३ वूड पूर्ण काढायचं कारण नाही. अरुंद होलवर ड्रायव्हर नको असतो, तिथे टीवरून १८८ कामाला येतो. ५ वूड टीवरून १८५ सुद्धा जाणार नाही.

फेअरवेकर
जाईल. येरवडा, गवतावरून तुम्ही १५ अंशाचा क्लब थिन मारता, म्हणून तो १७२ ला येतो. त्याच स्विंगला १८ अंशाचा क्लब १८० च्या पुढे जातो, कारण बॉल हवेत राहतो. टीवरून त्यात चार-पाच यार्ड वाढतात. म्हणजे टीवरचा फरक दोन-तीन यार्डांचा, गवतावरचा आठ-दहा यार्डांचा आणि तोही ५ वूडच्या बाजूने. नव्वदच्या आसपास ड्रायव्हर स्पीड असलेल्या खेळाडूला जमिनीवरून १५ अंश उचलणं हा सगळ्यात अवघड शॉट आहे. शंभरच्या वर असाल तर गोष्ट वेगळी.

तरीही टीवर जास्त हवंच असेल तर ४ वूड १६.५ चा विचार करा. पण मग त्याच्या खालचा क्लब १८ चा नको, २०-२१ चा हवा. नाहीतर सहा-सात यार्डांत दोन क्लब होतील.

नाशिककर_टी
मान्य, गवतावरचे आकडे बघितले तर पटतं. बॅगेत चौदा क्लब चालतात, मग चौदावी जागा मात्र रिकामी का ठेवायची?

फेअरवेकर
मोजा: ड्रायव्हर, ५ वूड, ७ वूड, ५ हायब्रिड, ६ ते ९, पिचिंग वेज, तीन वेज, पटर. तेरा. चौदाव्या जागी २२ चा हायब्रिड ठेवता येतो, ७ वूडच्याच अंतरावरचा पण रफसाठी. उन्हाळ्यात तो बॅगेत, पावसाळ्यात बाहेर. घाई नाही, आधी तिन्ही बसू द्या.

चेंबूर_वारा
चाचणी कशी घ्यायची तेही लिहून ठेवतो, कारण दुकानातल्या जाळीत सगळेच क्लब छान वाटतात. मॅटवर अर्धा इंच मागे लागलेला शॉटही सोल सरकून चांगला निघतो, गवतावर तोच वीस यार्ड कमी जातो. शक्य असेल तर गवतावर मारा. रेंजचे बॉल नकोत, स्वतःचे न्या. प्रत्येक क्लबचे दहा शॉट, सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट सोडून उरलेल्या आठांची सरासरी. सगळ्यात लांब गेलेल्या शॉटकडे बघून क्लब निवडू नका. कॅरी, उतरण्याचा कोन आणि डावी-उजवी पसरण, हे तीनच रकाने लिहा. पाच यार्ड कमी जाणारा पण पसरण निम्मी असलेला क्लब घ्या. आणि चाचणी तासभर आयर्न मारून दमल्यावर घेऊ नका.

बॉलची जागा दोन्हींना वेगळी. ५ आणि ७ वूड डाव्या टाचेच्या आत दोन बॉलच्या अंतरावर, हायब्रिड मध्यापासून एक-दीड बॉल पुढे. हायब्रिड आयर्नसारखा खाली मारायचा, बॉलच्या पुढे हलका डिव्हॉट (गवताचा तुकडा) निघाला पाहिजे. झाडू मारल्यासारखा मारला तर थिन लागतो किंवा हात उलटून डावीकडे जातो. तुमचा डावीकडचा शॉट शाफ्टमुळे की यामुळे, ते दोन शॉटच्या व्हिडिओत कळेल.

येरवडा_बॅकनाईन
ठरवतो: ५ हायब्रिड २६ चा नवा, ८० ग्रॅम शाफ्ट. ७ वूड २१ आणि ५ वूड १८ वापरलेले. तिन्ही एकदम घेऊ का?

ग्रिप_आणि_शाफ्ट
एकदम नको. आधी हायब्रिड घ्या आणि मोजा. तो १५८ ऐवजी १६३ गेला तर ७ वूड स्लीव्हवर एक टप्पा खाली न्यावा लागेल, किंवा २०-२०.५ चं डोकं शोधावं लागेल. मग ७ वूड घ्या, पुन्हा मोजा. ५ वूड शेवटी, तोवर टीसाठी जुना ३ वूड राहू द्या. ५ वूड लांब वाटून पसरण वाढली तर ग्रिपच्या बाजूने अर्धा इंच कापा. स्विंगवेट साधारण तीन अंकांनी उतरेल, सोलवर सहा ग्रॅम शिशाची पट्टी लावली की परत येईल. पट्टी मध्यभागी मागे लावा, हीलकडे नको.