दशांशाची कार्डं भरून घ्यायची का? आपल्या लूथरन मंडळीत अर्पणाबद्दल बोलायचं तरी कसं

परदेशीपुरा_इंदूर
जय ख्रिस्त सगळ्यांना. मागच्या रविवारी उपासना झाल्यावर मी आणि अजून एक भाऊ अर्पण मोजायला बसलो होतो. मखमलीच्या दोन्ही थैल्या टेबलावर उलट्या केल्या, चार घड्या घातलेल्या दहाच्या नोटा, थोड्या वीसच्या, चिल्लरचा ढीग आणि पाचशेच्या दोन. यूपीआयचं धरून २१४० रुपये झाले. घरं पस्तीस आहेत, म्हणजे घरामागे साठच्या आसपास. छप्पन दुकानला संध्याकाळी खायला गेलं की एका घराचे याच्या कितीतरी पट सहज जातात, माझेही जातात.

आपल्यातले बरेचजण छिंदवाडा, सौसर, पांढुर्णा, बैतूलकडून नोकरीपायी इंदूरला आलेले. तिकडे आजोबांच्या वेळी स्वीडनच्या मिशनने चर्च बांधलं, शाळा दवाखाने काढले, पाळकांच्या पगाराची काळजीही मिशनलाच, त्यामुळे देणं म्हणजे थैली समोर आली की खिशात हात घालायचा एवढीच सवय आपल्याला लागली. आता ते दिवस गेले, बाहेरून येणाऱ्या पैशाचे नियमही २०२० पासून खूप कडक झालेत. पाळकसाहेबांचा पगार या वर्षी दोनदा उशिरा झाला आणि ते कोणाला एका शब्दाने बोलले नाहीत, हे मला फार लागलं.

पंचकमिटीत प्रस्ताव आलाय तो असा की ऑक्टोबरचे चारही रविवार कारभारीपणावर, म्हणजे देवाने दिलेलं कसं वापरायचं यावर, उपदेश, मग प्रत्येक घराला एक कार्ड, महिन्याला किती देणार ते लिहायचं, आणि वर्षाच्या शेवटी कोणी किती दिलं याची यादी वाचायची. उपदेश आणि कार्ड, दोन्हीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. यादीचं अजून ठरत नाहीये. तुम्ही बोला, पण मोकळेपणाने बोला.

नंदानगरची_ताई
दादा, माझा विरोध आहे, आणि नुसता यादीला नाही, कार्डालाही आहे.

आपण लूथरन आहोत. ज्याच्यावरून आपल्या पंथाला हे नाव पडलं त्या मार्टिन लूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ ला ते ९५ मुद्दे मांडले ते कशावरून? पैसे द्या आणि पापाची शिक्षा माफ करून घ्या या धंद्यावरून. शहाऐंशीवा मुद्दा वाचा, पोप एवढा श्रीमंत आहे तर सेंट पीटरचं चर्च गरिबांच्या पैशाऐवजी स्वतःच्या पैशाने का बांधत नाही असं लोक विचारतात, हे त्यात सरळ लिहिलंय. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये आपण कार्डं वाटणार?

माझ्या आईचं सांगते. आम्ही गावाकडे असताना तिथल्या मंडळीत नाताळाच्या आधीच्या रविवारी यादी वाचायचे, मोठ्या रकमेपासून खाली खाली येत. आईचं नाव शेवटून दुसरं, अकरा रुपये. ते अकरा रुपये तिने पदराच्या गाठीत बांधून ठेवले होते, शिलाईचे होते, मी शेजारी बसलेले होते म्हणून मला माहीत. नाव वाचलं तेव्हा तिने पदर डोक्यावर घेतला आणि मान खाली घातली. नंतर ईस्टरपर्यंत ती चर्चला गेली नाही, विचारलं की गुडघे दुखतात म्हणायची. येशूने गरीब विधवेने अर्पणात टाकलेल्या दोन दमड्या बघितल्या तेव्हा तिचं नाव कोणी पुकारलं नव्हतं. मार्कच्या बाराव्या अध्यायात आजही तिचं नाव नाही.

मल्हारगंजकर
ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण अर्धाच लूथर सांगू नका. १५२९ च्या त्याच्या मोठ्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, दहा आज्ञांपैकी चौथ्या आज्ञेखाली तो काय म्हणतो बघा, आधी आपण दहा ढेरपोट्यांची पोटं भरत होतो आणि आता एका प्रामाणिक पाळकाला पोसायला आपल्याला जड जातंय, असा त्याचा सूर आहे. म्हणजे कृपा फुकट मिळाली म्हणून लोकांनी हात आखडता घेतला हे त्याच्या डोळ्यांदेखत घडलं, आणि तो गप्प बसला नाही.

आणि यादीला एवढं का घाबरायचं? आपल्याच गल्लीत गणपतीची पावती फाडतात, फळ्यावर नावं लिहितात, कोणाला राग येत नाही, उलट पुढच्या वर्षी माणूस शंभर जास्त देतो. जर्मनीत तर चर्चचा कर सरकारच कापून घेतं, इन्कम टॅक्सच्या आठ टक्के नाहीतर नऊ टक्के, राज्याप्रमाणे. तिथे कोणी म्हणत नाही की कृपेच्या विरुद्ध झालं.

नंदानगरची_ताई
म्हणतात की. तिथले कितीतरी लोक त्या करापायी सरकारी कचेरीत जाऊन चर्चमधून नावच काढून घेतात. कराने पैसा येतो, माणूस येत नाही. आणि मंडळाच्या फळ्यावरचं नाव आणि प्रभूच्या मेजासमोर वाचलेलं नाव एक नाही हो दादा. मंडळात वर्गणी दिली नाही तर फार तर शेजारी तोंड वाकडं करेल, इथे माणसाला वाटतं देवच आपल्याला कमी लेखतोय.

जुना_खजिनदार
मी या मंडळीचं नऊ वर्षं खजिनदारपद सांभाळलंय म्हणून दोन गोष्टी बोलतो. दोघं भांडताय ते पुढचं आहे, आधीचं कोणी बोलतच नाही. हिशोब.

सॅक्सनीत लाइस्निग नावाचं गाव आहे, १५२३ मध्ये तिथल्या मंडळीने सार्वजनिक पेटी केली आणि त्याच्या नियमांना लूथरने स्वतः प्रस्तावना लिहिली. पेटीला चार कुलपं, चारही वेगळी, एक चावी सरदारांकडे, एक नगर परिषदेकडे, एक गावच्या लोकांकडे आणि एक आजूबाजूच्या खेड्यातल्या शेतकऱ्यांकडे. शेतकऱ्याची चावी नसेल तर सरदारालाही पेटी उघडत नाही! दहा जणांचं मंडळ दर वर्षी निवडायचं आणि वर्षात तीनदा सगळ्या मंडळीला बोलावून काय आलं काय गेलं ते वाचायचं. पाळकाचा पगार, शाळा, अनाथ, म्हातारेकोतारे, सगळं त्यातून.

आपल्याकडे शेवटचा हिशोब मंडळीसमोर पूर्ण कधी वाचला? मी सोडल्यापासून नाही, आणि माझ्या वेळीही एका वर्षी राहिला होता, ती चूक माझीच. तुम्ही म्हणता लोक देत नाहीत, मी म्हणतो लोकांना माहीतच नाही की विजेचं बिल किती, पगार किती, गच्ची गळतेय तिला किती लागतील. यादी वाचायचीच असेल तर खर्चाची वाचा.

आपल्या इंदूरचंच बघा ना. कचऱ्याचे महिन्याचे पैसे आपण देतो, कुरकुर न करता देतो, कारण रोज सकाळी गाडी दारात येते आणि रस्ता झाडलेला दिसतो. २०१७ पासून देशात पहिला नंबर लागला तो नुसती भाषणं करून लागला नाही.

परदेशीपुरा_इंदूर
काका, तुमचं पटतं, पण लाइस्निगचं पुढचंही सांगा ना. नगर परिषदेने मालमत्ता हातातून सोडलीच नाही, पेटी ठरली तशी कधी चाललीच नाही आणि पाळकावर उपाशी राहायची वेळ आली म्हणून लूथरला परत तक्रार करावी लागली. नियम उत्तम, कुलपं चार, आत काही नाही. मला भीती त्याचीच आहे, आपण हिशोब आधी हिशोब आधी म्हणत बसू आणि तिकडे पाळकसाहेबांचा तिसरा पगार उशिरा होईल.

आणि ताई, कार्ड म्हणजे पापाची माफी विकणं नाही हो. कन्फर्मेशनच्या वर्गात आपण सगळ्यांनी छोट्या कॅटेकिझममधला विश्वासांगीकाराच्या पहिल्या कलमाचा अर्थ पाठ केलाय, अन्न वस्त्र घर शेत गुरं सगळं देवाने दिलं, माझी काही लायकी नसताना दिलं. ते नुसतं पाठ करायचं का? जे माझं नाहीच त्यातलं किती परत ठेवायचं हे घरी बसून नवरा-बायकोने ठरवणं, एवढंच कार्ड आहे. बायबलमध्ये पौल करिंथकरांना तेच सांगतो, मनात ठरवून द्या, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून नको. ठरवून हा शब्द तिथे आहेच ना.

नंदानगरची_ताई
ठरवणं आहे, लिहून पंचकमिटीला देणं नाही.

कन्फर्मेशनवाला
मी लहान आहे तुमच्यात पण विचारतो, माझ्यासारख्यांकडे रोख नसतेच, क्यूआर कोड दाराच्या मागे चिकटवलाय, दार उघडं असलं की दिसतच नाही, तो जरा पुढे लावा ना. आणि ऑफिसात विचारतात की ८०जी ची, म्हणजे टॅक्समध्ये सवलत मिळते ती, पावती मिळेल का, मिळाली तर जास्त देऊ असं काहीजण म्हणतात.

जुना_खजिनदार
बाळा, क्यूआरचं या रविवारीच करू. ८०जी चं मात्र कोणाला आश्वासन देऊ नकोस, एकाच धर्माच्या लोकांसाठी चालणाऱ्या धार्मिक संस्थेला ती सवलत नसते, आणि जिथे असते तिथेही दोन हजारांवर रोख दिली तर चालत नाही. अर्पण टॅक्स वाचवायला नाही.

सौसरची_मावशी
तुम्ही सगळे नोटांचंच बोलताय. आमच्या सासूबाई रोज स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायच्या, महिन्याच्या शेवटी तो डबा चर्चला. मिझोराममध्ये ही मुठीची पद्धत १९१० पासून आहे, तिथलं प्रेसबिटेरियन चर्च त्यावर मोठं झालं, ते आपल्यापेक्षा श्रीमंत होते म्हणून नाही. आणि आपल्या हंगामाच्या सणाला लिलावात मागच्या वर्षी एक लाल भोपळा साडेसहाशेला गेला, घेणाऱ्याने परत दिला, परत लिलाव, परत तीनशे. त्या दिवशी कोणाला कार्ड दिलं होतं का? लोक हसत होते, पोरं ओरडत होती. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना काय देता येईल ते पण विचारा, माझ्या हातात शिवण आहे, मेजावरची वस्त्रं मी शिवून देईन, कापडाचेही पैसे नकोत.

मल्हारगंजकर
मावशी, भोपळा वर्षातून एकदा, पगार बारा वेळा. उत्साहावर महिना चालत नाही. पण यादीचा मुद्दा मी मागे घेतो, ताईंच्या आईंचं डोक्यातून जात नाहीये.

परदेशीपुरा_इंदूर
बरं, मग मी कमिटीत असं मांडतो. नावांची यादी नाही, कुठेच नाही. कार्ड ज्याला हवं त्याने घ्यावं, भरून बंद पाकिटात आपल्याच बायबलमध्ये ठेवावं, कमिटीला द्यायचं नाही. म्हणजे एकूण किती येणार हे आम्हाला कळणार नाही, ते नुकसान आहे आणि ते मला अजूनही खुपतंय. आणि पहिल्या रविवारी उपदेशाच्या आधी खर्चाचा पूर्ण हिशोब, पाळकसाहेबांचा पगार किती दिवस थकला त्यासकट.

नंदानगरची_ताई
पाकीट बायबलमध्येच राहणार असेल तर मी पण एक घेईन. पण कोणी घरी येऊन "भरलं का" विचारलं तर मी भर उपासनेत उठून बोलणार, आत्ताच सांगते.

जुना_खजिनदार
माझ्या वेळच्या तीन वह्या घरी आहेत, रविवारी पिशवीत घालून आणतो. त्या राहिलेल्या वर्षाचा हिशोब आधी मीच वाचतो.