मोजता येतं, पण काय मोजायचं?
शांततेसाठी दिलेली परदेशी मदत वायाच जाते, असं म्हणणारे विचारतात: 'युद्ध झालंच नाही, तर ते मदतीमुळे टळलं हे कसं ठरवणार?' प्रश्न रास्त आहे. पण तेवढ्यावरून सगळी मदत वाया जाते, हे पटत नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात यादवीनंतर गावकऱ्यांना तंटे सोडवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. 246 गावांपैकी 86 गावं लॉटरी पद्धतीने आधी घेतली आणि बाकीच्यांशी तुलना केली. जमिनीचे वाद जास्त मिटले, हिंसा घटली. कायदा हातात घेऊन शिक्षा देणं मात्र वाढलं. वाईट परिणामही नोंदवला, म्हणून त्या अभ्यासावर माझा विश्वास बसतो.

उलट अफगाणिस्तान. तिथल्या मदतीचा खर्च तपासणाऱ्या अमेरिकेच्याच महानिरीक्षक कार्यालयाने 2018 साली लिहिलं, की घाईने ओतलेल्या पैशाने भ्रष्टाचार वाढला, काही ठिकाणी संघर्षही.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात बांधाची भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालतात. 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम आली. किती तंटे मिटले हा आकडा ठीकच, पण मी विचारेन: दोन पावसाळ्यांनी तोच बांध पुन्हा कोरला का? परदेशी दात्यांनीही प्रकल्प संपल्यावर दोन-तीन वर्षांनी परत जाऊन पाहण्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरायला हवा.