मदत हवी आहे: अंटार्क्टिकात मेकॅनिकचं काम कसं मिळते?

नमस्कार मंडळी, माह्या भाच्यानं आयटीआय डिझेल मेकॅनिक केलंय, दारव्ह्याकडं ट्रॅक्टर अन् जनरेटर खोलून बसलेला असते दिवसभर. आता त्याच्या डोक्यात अंटार्क्टिका शिरलंय. मैत्री (१९८९ पासून) अन् भारती (२०१२) या आपल्या दोन्ही स्टेशनवर शास्त्रज्ञांसोबत डॉक्टर, स्वयंपाकी, मेकॅनिकही लागतात, कारण जनरेटर बंद पडला तर हीटिंगच बंद, अन् थंडीनं साधं डिझेल गोठून फिल्टर जाम होते, हे त्यानंच मले सांगितलं. आपण ४५ डिग्रीतले लोकं, अन् तिकडं रशियाच्या व्होस्तोक स्टेशनवर १९८३ मधी उणे ८९.२ नोंदलंय! बहीण तर नावच काढू देत नाही बाप्पा.

मोहिमेचं काम गोव्याच्या वास्कोतली राष्ट्रीय ध्रुवीय संस्था पाहते एवढं माहीत आहे. पण जाहिरात कधी निघते, अनुभव किती लागते, गॅरेजमालकाचं सर्टिफिकेट चालते का? हिवाळी टीममधी वर्षभर राहावं लागते म्हणतात, मग मेडिकल किती कडक असते? एक एजंट "सेटिंग" साठी पैसे मांगून राहिला, त्याले हाकललं. कोणी जाऊन आलं असंन तर कमेंट करा ना.