ब्रिटिश उच्चारांच्या क्लासला १८ हजार घालावेत का?

शाहूपुरीकर
भाचीचं नर्सिंग झालंय, इंग्लंडला जायची तयारी चाललीय. राजारामपुरीतला एक क्लास ३ महिन्यांत अस्सल ब्रिटिश बोलायला शिकवतो म्हणे. फी १८ हजार. माझं मत, घालावेत. पोरगी हुशार आहे, पण चारचौघांत इंग्रजी बोलायची वेळ आली की गप्प बसते. बाहेरचा माणूस इथं येऊन 'लई भारी' म्हणायला लागला की आपल्याला तो आपला वाटतोच की. तसंच हे.

करवीरचा मास्तर
आधी ब्रिटिश म्हणजे कुठलं ते क्लासवाल्याला विचारा. शिकवतात ती आरपी, म्हणजे रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन, इंग्लंडात प्रमाण मानलेली उच्चाराची धाटणी. ती नोंदवणारा ध्वनितज्ज्ञ डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश १९१७ चा, बीबीसी सुरू झाली १९२२ ला. तिथल्या निवेदकांच्या तोंडून ती जगभर गेली. खुद्द ब्रिटनमध्ये तसं बोलणारे मूठभर. भाची मँचेस्टरला लागली तर तिला 'बस'चं जवळजवळ 'बुस' ऐकायला मिळेल. आरपीत 'कार'मधला र गळतो, ग्लासगोत तो खणखणीत वाजतो. पैसे मोजून र घालवायचा आणि पेशंट र म्हणणारा! आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या तोंडी भागात उच्चाराला पाव हिस्सा गुण असतात, पण ब्रिटिश धाटणीची अट नाही. बोललेलं सहज कळतंय का, हे मुख्यतः बघतात. माझा साफ विरोध.

गोकुळ शिरगाव
सर, मान ठेवून सांगतो, नाही पटलं. फौंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघतो. तिकडच्या ग्राहकाला फोनवर 'थर्टीन' सांगितलं, जोर 'टीन'वर हवा, पडला 'थर्'वर. त्यानं 'थर्टी' ऐकलं. १३ नमुने पाठवायचे होते, कागद आले ३० चे. निस्तरायला आठवडा गेला. शिकताना एक नमुना समोर धरावाच लागतो, आणि ब्रिटिश शब्दकोशात बहुतेक आरपीच दिलेली असते. मग तीच शिकली तर बिघडलं कुठं?

कागलची लेक
मी ६ वर्षं तिकडं वॉर्डात काम करते. पहिल्या महिन्यात एका आजोबांना 'पिल' घेतली का विचारलं. त्यांनी 'बिल' ऐकलं. सरकारी दवाखाना, तिथं बिल नसतंच. बिचारे घाबरून उठून बसले. आपला 'प' कोरडा, त्यांच्या शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'ला फुंकर असते. सिस्टरनी कागदाचा कपटा माझ्या ओठांसमोर धरला. 'पिल' म्हटल्यावर तो हलला पाहिजे. माझा हलेना. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत तेच करत बसले.
'व'चंही तसंच. आपला एकच, त्यांचे दोन: एकाला ओठ गोल, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. इंग्रजी 'झेड'ला लागणारा 'जरा'तला ज मात्र आपल्याकडं आधीपासून आहे, तिथं आपण पुढं.

करवीरचा मास्तर
ताई, हे शिकवायला मी एका पायावर तयार आहे. पण ही उच्चारांची सफाई झाली. 'ब्रिटिश व्हा' म्हणणं वेगळं. त्यानं पोरांना स्वतःच्या बोलण्याची लाज वाटते.

कागलची लेक
लाजेचं मी पण भोगलंय सर, आणि ते इंग्रजीनं नाही. पुण्यात हॉस्टेलवर 'मी येतो' म्हटलं की पोरी हसायच्या. आमच्याकडं बायका तसंच बोलतात. मी 'येते' करून टाकलं. आई फोनवर 'ठेवतो गं' म्हणते तेव्हा अजून गलबलून येतं. म्हणून शाहूपुरीकर दादा, भाची गप्प का बसते ते आधी बघा. अडखळत का होईना, बोलते का? बोलत असेल तर कपटा पुरतो.

गोकुळ शिरगाव
आणि जोर कुठं द्यायचा ते. ते कपट्यानं येत नाही ताई, त्याला शिकवणारा लागतो. मी क्लासच्याच बाजूनं.

शाहूपुरीकर
फी अजून भरलेली नाही. ताई, रविवारी तुमची ड्यूटी नसेल तर भाचीला फोन करायला सांगू का? मराठीतच बोला आधी. सर, तुमच्याकडं संध्याकाळी घेऊन आलो तर चालेल?