३० सप्टेंबरला सास्तूरला जावं का?

निवृत्त_हवालदार:
नमस्कार मंडळी. मी माजी सैनिक, आता कोरेगाव तालुक्यात शेती बघतो. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आमची तुकडी धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या सास्तूरला मदतीला होती. त्यानंतर मी तिकडे गेलेलो नाही. यंदा आमच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणतात, ३० सप्टेंबरला मुलांना त्या भूकंपाबद्दल सांगा. मी अजून होकार दिलेला नाही.

अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून दमलेली गावं झोपली होती, पहाटे ३.५६ ला जमीन हलली. जवळपास दहा हजार माणसं गेली असं दरवर्षी छापून येतं. मला आकडा आठवत नाही, एक म्हातारबाबा आठवतात. आम्ही पोचलो तेव्हा ते ढिगाऱ्यावर बसून होते. म्हणाले, "इथं चूल. चुलीच्या डाव्या अंगाला सून निजती, तिच्या कुशीत बारकं. थोरला रांजणाकडं पाय करून." एक भिंत जागेवर नव्हती. पण ते बोट दाखवतील तिथली माती पहार बाजूला ठेवून हातांनी उपसली, की माणूस तिथंच निघायचं. सगळे गेलेले. अंगावर मोठी जखमही नाही, नाकातोंडात मात्र पांढरी माती गच्च. चेहरा पुसल्याशिवाय बाबांना दाखवायचा नाही, हे आमच्यात कुणी न सांगताच ठरलं होतं. वरून पाऊस. सरपण मिळेना, म्हणून पडलेल्या घरांचीच दारं आणि तुळया चितांना लावल्या. बाबांनी स्वतःच्या दाराची फळी ओढून आणली. त्यांचं नाव विचारावं अशी ती वेळ नव्हती.

दुसऱ्याच्या घरातलं मरण शाळेत उभं राहून सांगायचा मला हक्क आहे का? आणि त्या दिवशी मी शाळेत असावं की सास्तूरला? तिथल्या लोकांना माझं येणं चालेल, की उगाच खपली काढल्यासारखं होईल?

सास्तूरची_लेक:
काका, या. मी तेव्हा चौथीत होते. आमच्या घरातली तिघं गेली. मी खणाच्या खांबाजवळ निजले होते म्हणून वाचले. भिंती ढासळल्या, पण लाकडी सांगाडा तेवढा उभा राहिला.

सकाळी किल्लारीला स्मृतिस्तंभापाशी कार्यक्रम असतो. पोलीस मानवंदना देतात, अधिकारी-पुढारी येतात. तेवढं बघून परत फिरू नका. दुपारी जुन्या गावठाणात जा. पुनर्वसनात घरं नव्या जागी गेली, जुन्या जागी बाभळी माजल्यात. तरी म्हातारी माणसं आपला उंबरा कुठं होता ते पावलं मोजून दाखवतात. तुमच्या बाबांसारखंच.

आणि चालेल का म्हणून काय विचारता? बघ्यांच्या गाड्यांनी तेव्हा रस्ते अडवले होते, मदतीचे जुने कपडे रस्त्याकडेला चिखलात पडले होते. तो राग आमच्या लोकांच्या मनात आहे. मिलिट्रीवाल्यांबद्दल तसं कुणी बोलताना मी ऐकलं नाही. माझी आजी म्हणायची, ज्यांनी आमच्या माणसांची माती केली, ती घरचीच.

दगडमाती:
हवालदारसाहेब, मी स्थापत्य अभियंता आहे. शाळेत जरूर बोला, आणि त्या पांढऱ्या मातीबद्दल बोला. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पावसाळ्याआधी तिचा नवा थर टाकायची रीत असते. वर्षानुवर्षं तो साचत जातो, आणि छताचं ओझं वाढतंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. भिंती दोन-अडीच फूट जाड, दिसायला किल्ल्यासारख्या. पण आतला आणि बाहेरचा दगड वेगवेगळा रचलेला, मध्ये चिखल आणि कपच्या. दोन्ही बाजू बांधून धरणारा आरपार दगड नाही. हादऱ्यानं भिंत मधूनच फाटते आणि वरचं सगळं झोपलेल्या माणसावर येतं.

तो भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशावर पहिल्या झोनमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा मानलेला होता. २००२ च्या मानकात पहिला झोनच काढून टाकला, तो भाग तिसऱ्यात गेला. आणि कोयना तर तुमच्याच सातारा जिल्ह्यात. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तिथल्या घराघराला ठाऊक आहे. तुमच्या मुलांना हे कळायलाच हवं.

कच्छ_२००१:
जय हिंद. मीही माजी सैनिक, भुजच्या भूकंपानंतर कच्छमध्ये होतो. माझं मत वेगळं आहे. लहान मुलांपुढे प्रेतांचं वर्णन नको, ती रात्री झोपणार नाहीत. तुमच्याच १९९३ च्या भूकंपात मंगरूळला पाचव्या दिवशी दीड वर्षाची मुलगी जिवंत निघाली, ते सांगा. सैनिकाच्या तोंडून मुलांना उमेद मिळावी.

निवृत्त_हवालदार:
सगळ्यांचे मनापासून आभार.

कच्छवाले भाऊ, नाकातोंडाचं मी सांगणार नाही, तुमचं ते पटलं. मंगरूळची गोष्टही सांगेन. पण तेवढीच सांगितली तर मुलांना वाटेल फौज आली आणि माणसं वाचली. सास्तूरला आमच्या हाताला कुणी जिवंत लागलं नाही. ज्यांना आम्ही बाहेर काढलं, त्यांच्याबद्दलही कुणीतरी बोललं पाहिजे. कोण कुठं निजत होतं हे बाबांना पाठ होतं, ते मी सांगेन. भिंतीचं दगडमाती यांनी लिहिलंय, तेही फळ्यावर काढून दाखवेन.

मुख्याध्यापकांना आज फोन केला. शाळेतला कार्यक्रम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घ्यायला ते तयार आहेत. ३० तारखेला मी सास्तूरला असेन. सोलापूरहून उमरग्याची एसटी धरतो, २९ ला संध्याकाळपर्यंत पोचेन.

लेकी, एक काम कर. बाबांच्या घरापुढं मोठा लिंब होता, दाराशी दगडी उखळ होतं, ते मात्र शाबूत होतं. बाबांच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. मागं कुणी उरलं असेल तर जुन्या माणसांना विचारून ठेव. मी आल्यावर आधी त्यांच्याकडेच जाईन. त्यांनी हो म्हटलं तरच शाळेत त्यांच्या घरचं सांगेन.

सास्तूरची_लेक:
आजच भावाला फोन करते, काका. तो गावातच असतो. मुक्कामाला त्याच्याकडंच उतरा.