लास्को पाहिलं म्हणायचं की नाही?

डोंगरवेडा:
मे महिन्यात नैऋत्य फ्रान्समधल्या माँतिन्याकला जाऊन आलो. सुमारे 17 हजार वर्षांपूर्वी रंगवलेली लास्कोची गुहा इथलीच. ती 1963 पासून बंद आहे. आपल्याला दाखवतात ती 2016 साली उघडलेली प्रतिकृती, ‘लास्को 4’. काम अफलातून, नाही म्हणणार नाही. खडकाचा प्रत्येक फुगवटा उतरवलाय, आत मुद्दाम गारवा नि काळोख ठेवलाय. पाच मीटर लांबीचा बैल डोक्यावर आला तेव्हा अंगावर काटा आला. लगेच मनात आलं, हा रंगवणारा कदाचित माझ्याच वयाचा असेल, आत्ता कुठेतरी जेवत बसला असेल. काटा गेला. पुढच्या दालनांत डिजिटल पडदेच पडदे. खरी वस्तू समोर ठेवणं हे संग्रहालयाचं काम. युरोपातली संग्रहालयं रंजनाच्या नादात ते विसरत चालली आहेत असं माझं मत.

कुतूहल:
गुहा बंद का झाली ते गाळलंत! 1940 मध्ये चार पोरांना सापडली, 1948 ला लोकांसाठी उघडली, आणि पुढच्या दशकात दिवसाला हजारावर माणसं आत. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, बाष्प, दिव्यांचा उजेड. भिंतींवर हिरवी बुरशी-शेवाळ धरलं, कॅल्साइटचे पांढरे थर चढले. इतकी हजार वर्षं टिकलेलं पंधरा वर्षांत नासवलं. तुमचा काटा महत्त्वाचा की बैल?

डोंगरवेडा:
बैल. बंद केली ते उत्तमच. पण तिथून पंचवीसेक किलोमीटरवर फाँ-द-गोम आहे. खरी गुहा, खरी रंगीत चित्रं, दिवसाला मोजकीच माणसं सोडतात. रंग पुसटलेत. गाईडबाईंनी विजेरी तिरकी धरली आणि खडकाच्या फुगवट्यातून गव्याची पाठ वर आली. पडदा नाही, संगीत नाही. बाई आणि विजेरी. हे ‘रंजक’ नव्हतं का?

मास्तर:
पुरातत्त्वाचं ठीक आहे. मी चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, त्या अनुभवावरून सांगतो, यंत्राच्या बाबतीत नुसती खरी वस्तू मुकी असते. म्युनिकचं डॉइचेस म्युझियम बघा. ऑस्कर फॉन मिलर यांनी 1903 मध्ये स्थापलं ते याच विचाराने: दांडा फिरवा, बटण दाबा, चालताना बघा. जर्मन नौदलाची पहिली पाणबुडी ‘यू 1’ तिथे आहे, 1906 ची, अस्सल. आतलं दिसावं म्हणून तिच्या कुशीचा पत्रा काढलाय. तुमच्या हिशेबाने ही वस्तूची विटंबनाच, नाही का? मी मात्र त्या उघड्या कुशीसमोर तासभर उभा होतो. लेक कंटाळून कॉफी प्यायला गेली.

तिरकस:
मास्तर, त्याच संग्रहालयातलं एक टेबल विसरलात. अणुकेंद्रक फुटतं हे ज्या प्रयोगातून 1938 मध्ये कळलं, त्याची उपकरणं एका टेबलावर मांडलेली आहेत. उपकरणं खरी. पण प्रयोगाच्या वेळी ती वेगवेगळ्या खोल्यांत होती, टेबलावरची मांडणी संग्रहालयाची. वर कित्येक दशकं ते ‘ऑटो हान यांचं टेबल’ म्हणून मिरवलं, हान यांच्या सहकारी शास्त्रज्ञ लिझे माइटनरना श्रेय मिळायला फार उशीर लागला. तेव्हा डोंगरवेडा, अस्सल वस्तूही गंडवते. लास्को 4 निदान ‘मी नक्कल आहे’ असं सांगते तरी.

मास्तर:
बरोबर. टेबल विसरलो नव्हतो, सोयीचं नव्हतं म्हणून टाळलं. :)

दोन_पोरांची_आई:
आम्ही इटलीत बोल्झानोला ओत्झी पाहिला, आल्प्सच्या बर्फात 1991 मध्ये सापडलेला तो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस. उणे 6 अंशांच्या खोलीत ठेवलाय आणि बघायला एवढीशी खिडकी. रांगेत उभं राहून मोठा म्हणाला, “बस, इतकंच?” पलीकडे त्याचा हुबेहूब पुतळा होता, फोटो काढायला गर्दी तिथेच. धाकटी मात्र बुटापाशी अडकली. अस्वलाच्या कातड्याचा तळ, आत ऊब राहावी म्हणून कोंबलेलं गवत. “गवत टोचत नसेल का गं?” हा प्रश्न हॉटेलवर पोचेपर्यंत चालू होता. पुतळा बघितला म्हणूनच तिला तो बूट कुणाच्या तरी पायातला वाटला असावा. दोन्ही लागतं हो.

तिरकस:
अजिंठ्याच्या पायथ्याशीही 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या होत्या, वरची गर्दी कमी व्हावी म्हणून. पण वर खरी लेणी उघडी असताना खाली नक्कल कोण बघणार? फ्रान्सने आधी मूळ गुहेला कुलूप घातलं, मग नक्कल चालली.

डोंगरवेडा:
हे पटलं. पण मग अजिंठ्याला कुलूप घालायचं म्हणता? तसं असेल तर हात वर करून सांगा, मी नव्या धाग्यावर भांडायला येतो. आणि ताई, तळाचं अस्वल मला दिसलंच नव्हतं. मीही त्या पुतळ्याचाच फोटो काढून बाहेर पडलो होतो.