भूगोल, अर्थशास्त्र की मराठी? सेकंड इयरला मेजर ठरवायचाय

पठारावरची

नमस्कार. मी संगमनेर तालुक्यातल्या पठार भागातली. एफ.वाय.बी.ए. संपतंय, कॉलेज पुणे विद्यापीठाला संलग्न आहे. पहिल्या वर्षी तीन विषय होते: भूगोल, अर्थशास्त्र, मराठी. आता त्यातला एक मेजर आणि एक मायनर लिहून द्यायचाय, तिसरा सुटणार. फॉर्म पुढच्या शनिवारपर्यंत भरायचाय.

घरात प्रत्येकाचं वेगळं मत. पप्पा म्हणतात अर्थशास्त्र घे, बँकेत कामाला येईल. मामा म्हणतात आर्ट्सवाल्यांना शेवटी एमपीएससीच करायची असते, तेव्हा ज्यात मार्क पडतात तो विषय घे. वर्गातल्या बऱ्याच जणी मराठी घेतायत, कारण मराठीच्या मॅडम फार मनापासून शिकवतात.

मला भूगोलाचं प्रॅक्टिकल आवडलं. सरांनी ४७ आय या क्रमांकाच्या मालिकेतलं आमच्या भागाचं टोपोशीट, म्हणजे डोंगर-ओढे-वस्त्या दाखवणारा सविस्तर नकाशा, टेबलावर पसरलं आणि म्हणाले, आपापलं गाव शोधा. आमच्या वाडीचं नाव बारीक अक्षरात सापडलं, खालचा ओढाही सापडला. वाडीच्या वरच्या अंगाला वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींना खेटून आहेत आणि खाली एकदम लांब लांब गेल्यात. आमची विहीर मार्चमध्येच तळाला जाते आणि खालच्या आळीतली मेपर्यंत पुरते, त्यामागचा उतार मी पहिल्यांदा कागदावर बघितला.

पण भूगोल घेऊन पुढे करायचं काय, हे कुणीच नीट सांगत नाही. ज्यांना विचारावं ते "शिक्षक हो" म्हणतात, आणि आमचे सर स्वतः तासिका तत्त्वावर आहेत.

माझी परिस्थिती अशी: घरात मी मोठी, भाऊ दहावीला. पदवीनंतर फार तर दोन वर्षं शिकता येईल, मग कमवायला लागायला हवं. दहावीला गणितात ७८ होते, अकरावीपासून गणित सुटलं. लॅपटॉप नाही, पण कॉलेजच्या भूगोल लॅबमध्ये कॉम्प्युटर आहेत. या विषयांत ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया सांगावं.

आकडेवारी

मी अर्थशास्त्रवाला, सध्या एका संशोधन संस्थेत सर्वेक्षणाचा डेटा बघतो.

पप्पांना सांग, बँकेच्या क्लार्क आणि पीओच्या परीक्षेला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसतो. तिथे गणिताची तयारी, रीझनिंग आणि इंग्रजी लागतं, बी.ए.ला अर्थशास्त्र होतं की नाही याने काही फरक पडत नाही. खास अर्थशास्त्राचे असे जे दरवाजे आहेत, म्हणजे भारतीय आर्थिक सेवा किंवा रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग, ते पदव्युत्तर पदवीशिवाय उघडत नाहीत. आणि गोखले इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी एम.ए.ला गेलीस तर गणित आणि संख्याशास्त्र पहिल्यापासूनच मानगुटीवर बसतं. तीन वर्षं सुटलेलं गणित परत धरायची तयारी असेल तर जरूर घे, विषय सुंदर आहे. नसेल तर मायनर ठेव.

नकाशावाली

पठारावरच्या मुली, तुझं ते समोच्च रेषांचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मी खटाव तालुक्यातली. बी.ए. भूगोल तालुक्याच्याच कॉलेजातून केलं, एम.ए. पुण्यात. आता पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती जोडायचं काम, बघते. दुष्काळी गावांचे नकाशे तयार करणं हे माझं रोजचं काम आहे.

आधी एमपीएससीचं बोलू. राज्यसेवेला कुठलाही पदवीधर बसतो. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय. गुणवत्तेत धरले जाणारे लेखी गुण १७५०, त्यात वैकल्पिक विषयाच्या दोन पेपरांचे मिळून ५००. हा वैकल्पिक विषय तुझ्या बी.ए.चाच असावा अशी अट नाही. म्हणजे परीक्षेसाठी म्हणून मेजर निवडायचं काही कारणच उरत नाही, हे मामांना शांतपणे समजावून सांग. आमच्या भागातली कितीतरी मुलं मी बघतेय. पूर्व निघते, मुख्य राहते, पंचविशी उलटते आणि दुसरं कुठलंही काम हातात नसतं. परीक्षा द्यायची असेल तर जरूर दे, पण हाताला एक काम येत असताना दे.

विषय निवडताना त्या विषयातलं बसून करायचं काम काय असतं ते बघ, आणि ते चार-चार तास तुझ्याच्याने करवतं का ते बघ. विषयाची आवड व्याख्यान ऐकूनही लागते. तुमच्या मॅडम चांगलं शिकवतात म्हणून मराठी आवडणं अगदी साहजिक आहे, पण पुढे मॅडम बरोबर येणार नाहीत, काम येणार आहे.

माझं काम कसं असतं ते सांगते. भूमी अभिलेखकडून आलेला गाव नकाशा स्कॅन केलेला असतो. तो संगणकावर पृथ्वीच्या खऱ्या जागी बसवायचा. त्यासाठी जुन्या नकाशावर आणि उपग्रहाच्या चित्रावर दोन्हीकडे दिसतील अशा खुणा शोधायच्या: तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, रस्त्याचा फाटा, जुनं देऊळ. खुणा चुकल्या की अख्खं गाव तिरकं बसतं आणि एकाचा बांध दुसऱ्याच्या विहिरीवरून जातो. मग गटागटाच्या कडा माउसने गिरवायच्या, प्रत्येकाला गट नंबर द्यायचा, त्यावर उतार, माती, ओढे चढवायचे आणि समतल चर (पाणी मुरवायला उताराला आडवे खणलेले) कुठे, माती नालाबांध कुठे ते सुचवायचं. शेवटी तो नकाशा घेऊन गावात जायचं. तिथे एखादी आजी सांगते की इथला ओढा मागच्या पिढीतच वळवलाय. की परत येऊन दुरुस्ती.

याला चिकाटी लागते आणि बारकावे माहीत असावे लागतात. एक उदाहरण देते. आपण वापरतो त्या यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडलेले असतात आणि महाराष्ट्र त्यातल्या दोन झोनमध्ये मोडतो. ७८ रेखांशाच्या पश्चिमेला ४३, पूर्वेला ४४. संगमनेर ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये, आणि यवतमाळ जिल्हा दोन्हींत. नुसतं सॉफ्टवेअर शिकून आलेला मुलगा सगळं एकाच झोनमध्ये टाकतो, मग क्षेत्रफळं जुळत नाहीत आणि का जुळत नाहीत तेही त्याला कळत नाही. भूगोल शिकलेल्याला ते कळतं. नोकरी देणाऱ्याला तुझ्या पदवीचा उपयोग नेमका इथे होतो.

आता कडू भागही सांगते. नुसत्या बी.ए. भूगोलावर नोकरी मिळत नाही. जीआयएस येत असेल तरच विचारतात. माझा पहिला पगार पुण्यात खोलीभाडं आणि मेस भागवून जेमतेम हातात काही उरेल इतकाच होता. खाजगी सर्व्हे कंपन्यांत सुरुवातीला दिवसभर नुसतं डिजिटायझेशन, म्हणजे नकाशे माउसने गिरवणं, असतं, डोळे शिणतात. सरकारी बाजूला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, नागपूरचं महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन सेंटर अशी ठिकाणं आहेत, पण तिथल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात आणि काही पदांना भूशास्त्र किंवा इंजिनिअरिंगच लागतं. प्रत्येक जाहिरातीतली पात्रता शब्दन् शब्द वाचायची सवय आत्तापासून लाव. दुसरीकडे मागणी खरी आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली गेली, नगरपालिकांना मालमत्तेचे नकाशे लागतात, पाण्यावर काम करणाऱ्या संस्थांना तर रोज लागतात. तुझ्याच तालुक्यात दरेवाडीला पाणलोटाचं केवढं काम झालंय, एकदा जाऊन डोंगरावरचे चर बघून ये.

लॅपटॉप नसला तरी अडत नाही. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅबच्या कॉम्प्युटरवर चालतं. देहरादूनच्या इस्रोच्या आयआयआरएस संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात, प्रमाणपत्रही मिळतं. इंग्रजीतून आहेत, पहिले दोन-तीन जड जातील, तरी सोडू नकोस.

आणि नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट असतं, सहाव्या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंग असतं. पुष्कळ मुलं ते नेटवरून उतरवून देतात. तू तुझ्या वाडीतल्या सगळ्या विहिरी घे. प्रत्येकीची जागा मोबाइलच्या जीपीएसने नोंदव, पाण्याची पातळी दोरीने मे महिन्यात मोज आणि परत ऑक्टोबरमध्ये मोज. ते आकडे समोच्च रेषांच्या नकाशावर मांड. मुलाखतीला आलेल्या मुलीने असा एक नकाशा समोर ठेवला तर मी तिची गुणपत्रिका नंतर बघेन.

तासिका

मी भूगोलाचीच आहे, कनिष्ठ आणि वरिष्ठ दोन्हीकडे शिकवलंय. नकाशावाली ताईंनी शिक्षकीचा रस्ता सोडलाय, तो मी सांगते.

शाळेत शिकवायचं तर बी.ए. नंतर दोन वर्षांचं बी.एड., त्याला सीईटी. भूगोल शाळेत शिकवला जातो, त्यामुळे बी.एड.ला मेथड, म्हणजे शिकवायचा विषय म्हणून, मिळतो, हा तुझ्या विषयाचा फायदा. मानसशास्त्र किंवा तत्त्वज्ञान घेतलेल्या मुलींची इथे फार अडचण होते. पण पुढे शासनाच्या पवित्र पोर्टलवरून शिक्षकभरती, आणि त्यासाठी लागणारी अभियोग्यता चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ ला झाली, मग २०२५ ला. मधल्या वर्षांत बी.एड. झालेली मुलं काय करत होती ते मी जवळून पाहिलंय. खाजगी क्लासमध्ये आणि इंग्रजी शाळांत मिळेल त्या पगारावर राबत होती.

सीनियर कॉलेजला एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. आपल्याकडची सेट पुणे विद्यापीठच घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. पात्रता मिळवलेले खूप आहेत, कायम जागा थोड्या. तुमचे सर तासिका तत्त्वावर आहेत यात त्यांच्या शिकवण्याची उणीव नाही गं. वर्गात टोपोशीट पसरून गाव शोधायला लावणारा शिक्षक भाग्याने मिळतो. त्यांनाच प्रोजेक्टला मार्गदर्शक म्हणून माग.

दोन वर्षांत कमाई हवी असेल तर शिक्षकी ही पहिली वाट धरू नकोस. चौथं वर्ष ऑनर्सचं केलंस तर पुढचं एम.ए. एका वर्षाचं होतं, म्हणजे हिशेब तोच, बी.ए. नंतर दोन वर्षं. नको असेल तर तिसऱ्या वर्षाअखेर १३२ क्रेडिट्सवर बी.ए. घेऊन बाहेर पडता येतं.

शुद्धलेखन

मराठी घेणाऱ्यांची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहिते. मी अनुवाद आणि मुद्रितशोधन करते, त्यावर घर चालतं. भाषा संचालनालयात अनुवादकाची पदं असतात, वर्तमानपत्रं आहेत, पाठ्यपुस्तकं आहेत, ॲप आणि मालिकांची उपशीर्षकं आहेत. मात्र या सगळ्याला मराठीच्या बरोबरीने इंग्रजी पक्कं लागतं, आणि मोबदला शब्दांवर ठरतो. जुनी मोडी लिपी येत असेल तर वेगळंच दार उघडतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची केवढी धावाधाव झाली ते सगळ्यांनी पाहिलंय.

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. तुझं लेखन स्वच्छ आहे. भूगोल मेजर घेतलास तर मराठी मायनर ठेव. ज्या माणसांसाठी नकाशे करायचे त्यांना ते चार ओळींत समजावून सांगता आले पाहिजेत.

पठारावरची

सगळ्यांचे खूप आभार. पप्पांना आकडेवारी दादांचं उत्तर वाचून दाखवलं. बँकेच्या परीक्षेला विषयाची अट नाही हे त्यांना माहीतच नव्हतं. मेजर भूगोलच लिहिते. मायनरचं अजून ठरत नाहीये, मराठी की अर्थशास्त्र? आणि नकाशावाली ताई, आमच्या वाडीत चौदा विहिरी आहेत, त्यातल्या तीन बुजल्यात. त्या धरायच्या का?

नकाशावाली

बुजलेल्या आधी धर. कधी खणल्या, पाणी कधी आटलं, कुणी बुजवल्या हे म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिही, बोअर कधीपासून आल्या तेही विचार. पातळीच्या रकान्यात शून्य टाकू नकोस, "बुजलेली" असंच लिही, नाहीतर सरासरी काढताना घोळ होतो. मोजताना विहिरीच्या कठड्याची उंची वेगळी मोजून वजा कर, पातळी जमिनीपासून धरतात. आणि विहिरीत वाकून एकटीने मोजायचं नाही, भावाला बरोबर ने.

मायनरला मी अर्थशास्त्र म्हणणार होते, सर्वेक्षणाच्या आकड्यांसाठी. पण शुद्धलेखन ताईंचं पटलं. आमच्या ऑफिसात नकाशे करणारे सहा जण आहेत आणि ग्रामसभेसाठी टिपण लिहायची वेळ आली की सगळे त्यातल्या एकीच्याच तोंडाकडे बघतात. मराठी ठेव. आकडे मी शिकवते, मे महिन्याची मोजणी झाली की इथे टाक.